कामाला मावशी हव्यात, त्यांचं घर नको

आज सकाळी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत बेल वाजली. दारात इथल्या, सांगलीतल्या आमच्याच कॉलनीतले दोन सभ्य गृहस्थ, हातात पॅड, पॅडला अर्ज. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर वस्तीतल्या कुटुंबांसाठी घरं बांधायचं चाललंय म्हणे, त्याला हरकत घ्यायची. "वहिनी, नुसती सही करा, बाकीचं आम्ही बघतो." मी चष्मा लावून अख्खा अर्ज वाचला. परिसराचं सौंदर्य, मुलींची सुरक्षितता, पार्किंगची अडचण, आणि सगळ्यात शेवटी खरं दुखणं: जागेचे दर पडतील. सही केली नाही. जिना उतरताना त्यातले एक जण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "ह्यांना काय, समाजसेवेचा झटका आलाय."

आलाय तर आलाय. आता ऐका.

मी पतसंस्थेत नोकरी करते हे तुम्हाला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या कामासाठी एका वस्तीत संध्याकाळच्या बैठकीला गेले होते. तिथे एका छोट्या संस्थेची पोरं-पोरी आली होती (नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडत नाही). त्यांनी समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत फक्कीनं (रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीनं) एक घर आखलं होतं. कागदावर नाही, जमिनीवर, खऱ्या मापाचं. २५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत २६९ चौरस फूट. आणि बायकांना म्हणाले, आत या, फिरून बघा, काय बदलायचं ते सांगा.

आधी सगळ्या कडेला उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग एक मावशी, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, चपला बाहेर काढून (फक्कीच्या रेघेच्या बाहेर हं!) आत गेल्या आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "हितं मालक झोपणार, हितं मी आन् पोरी. मग रातच्याला सासूबाई न्हाणीकडं जाणार कुनीकडनं? आमच्या अंगावरनं?" झालं. तिथून जो गलका सुरू झाला तो तासभर थांबला नाही. शिलाई मशीन खिडकीपाशी हवं. संडासाचं दार चुलीसमोर नको. पाण्याचं पिंप ठेवायला कोपरा कुठाय? पायानं रेघा पुसायच्या, परत ओढायच्या. ती आर्किटेक्ट पोरगी गुडघ्यावर बसून वहीत लिहून घेत होती आणि मधेच एका आजींनी तिच्या हातातली फक्कीची पाटी काढून घेऊन स्वतःच भिंत आखली.

आता मला सांगा, तुमचा-माझा फ्लॅट बांधताना बिल्डरनं विचारलं होतं का, बाई गं, तुझा फ्रिज कुठं ठेवणार? माझा फ्रिज गेली कित्येक वर्षं हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभा आहे, कारण स्वयंपाकघरात त्याची जागाच काढलेली नाही. आणि म्हणे "त्या लोकांना फ्लॅटमध्ये राहायची अक्कल नाही." अक्कल मी त्या संध्याकाळी बघितली आहे.

आता कबूल करते, काही जण मिळालेलं घर भाड्यानं देतात किंवा गुपचूप विकतात. देतात. पण का देतात ते बघा की. गावाबाहेर कुठंतरी नेऊन टाकलं, रिक्षाचं भाडं मजुरीतनं वजा झालं, पोरांची शाळा लांब गेली, की माणूस परत जुन्या जागेच्या आसपासच खोली बघणार. त्या मावशी सकाळी सातला विश्रामबागेत पहिल्या घरी हजर असतात. त्यांनी कुठं राहावं म्हणता? तुम्हाला सातला मावशी हव्यात, सव्वासातला फोन करून "आज दांडी का" विचारायचं असतं, फक्त त्यांचं दार तुमच्या खिडकीतनं दिसायला नको.

आणि बेकायदेशीर, अतिक्रमण हे शब्द तर सांगलीकरांनी जरा जपूनच वापरावेत. निम्म्या शहरात गुंठा-गुंठा प्लॉट पाडून, बिनशेती न करता, साध्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार करून घरं उभी राहिली. माझ्या सासऱ्यांनी घेतलेला प्लॉटसुद्धा तसाच. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, पैसे भरले, दाखला मिळाला, आपण रीतसर झालो. २०२१ ला मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्यांनाही सोय करून दिली. तेव्हा कुणी पॅड घेऊन दारोदार फिरलं नाही. आज सकाळी माझ्या दारात उभे असलेल्यांपैकी एकांचा बंगला गुंठेवारीतलाच आहे, त्यांचे कागद आमच्याच पतसंस्थेत कर्जाला आले होते म्हणून सांगते. (नको होतं लिहायला. राहू दे आता.)

संस्था-बिंस्था सगळ्या अनुदान खायला असतात, असंही जिन्यात ऐकवलं गेलं. असतील काही. पण आपल्याच सांगली-मिरजेत पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं काय केलं ते जरा आठवा. प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सोबतच्या आर्किटेक्ट मंडळींनी १९९३ ला सुरू केलेली संस्था. घरोघरी जाऊन माणसं मोजली, वस्त्यांचे नकाशे केले, वस्तीतल्याच बायकांना सोबत घेतलं. २००५ नंतर केंद्राची झोपडपट्टी विकासाची योजना आली तेव्हा एकेक वस्ती सुटी न बघता अख्खं शहर नकाशावर पसरून बघायचं, कोण आहे तिथंच राहू शकतं, कुणाला जवळपास हलवावं लागेल, हे लोकांशी बोलून ठरवायचं, ही पद्धत इथं वापरली गेली. सगळं ठरल्यासारखं झालं असं मी म्हणत नाही. योजना रखडतात, खर्च वाढतो, आपल्याकडं ते चालायचंच. पण कुणीतरी विचारलं तरी.

पैशाचं म्हणाल तर पंतप्रधान आवासमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. अडीच लाख ऐकायला बरे वाटतात. त्यात आज घर होतं का, हे बांधकाम काढलेल्या कुणालाही विचारा. आणि मुळात "स्वतःच्या जागेवर" या अटीतच निम्मी माणसं गळतात. चाळीस वर्षं त्याच जागेवर राहतात, लाईट बिल आहे, रेशनकार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे, जागेचा कागद नाही. सरकारी जागेवरच्या १ जानेवारी २०११ आधीच्या घरांना पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद, द्यायचा निर्णय सरकारनं २०१८ ला काढला. तो वस्तीपर्यंत आणायचा कुणी? मोजणी, पुरावे, नावातल्या चुका, वारसाच्या नोंदी. ह्या असल्या कटकटीच्या कामाला ती फक्कीवाली पोरं-पोरी महिनोन् महिने बसतात. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नसतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या आडव्या झालेल्या मावशींचं सांगते. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. त्यांची खोली पत्र्यापर्यंत पाण्यात. शाळेत काढलं त्यांना, पाणी उतरल्यावर परत गेल्या तर चिखलाखाली कागदपत्रांची पिशवी. आमच्याकडं हप्ता भरायला आल्या तेव्हा पासबुक वाळवून, इस्त्री करून आणलं होतं. पानं पापडासारखी कडक झाली होती. हप्ता चुकवला नाही त्यांनी. माझ्या टेबलावर लाखांची कर्जं बुडवणारे, गाडीतनं उतरणारेही येतात, म्हणून हे लक्षात राहिलं.

नंतर उंचावर खोली घेतली, तर भाडं एवढं की पोरीचं कॉलेज सुटलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्या सुरक्षित होत्या, हे खरं. पण जे घर त्यांनी पायानं रेघ पुसून पुसून नीट करून घेतलं होतं, ते अजून फक्कीतच आहे. जागा मिळाली नाही. आणि जिथं मिळू शकते तिथं आपण अर्ज घेऊन फिरतोय.

तर कामाचं. हरकती घेता येतात तसा पाठिंबाही लेखी देता येतो. मी माझ्यापुरतं पत्र आज रात्री लिहितेय, कुणाला आपलं नाव घालायचं असेल तर मेसेज करा. आणि हे वाचणाऱ्यांत निवृत्त तलाठी आहेत, भूमी अभिलेखमधले आहेत, बँकवाले तर पुष्कळ आहेत. त्या फक्कीवाल्या पोरांच्या संस्थेला आत्ता तुमच्या देणगीपेक्षा रविवारचे दोन तास हवेत: आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळवायला, फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) वाचून दाखवायला, फॉर्म भरायला. सकाळी दहाला समाजमंदिरात. चष्मा घेऊन या, तिथं उजेड कमी असतो.