थकलेली वर्गणी आणि एकतर्फी व्याज

वाढीव पेन्शनच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर मोजलेल्या पेन्शनच्या अर्जांवरून हल्ली दोन टोकाची वाक्यं ऐकू येतात. एक, ‘म्हाताऱ्यांना फुकटची पेन्शन हवी आहे.’ दोन, ‘सरकार आमच्याच पैशांवर आम्हाला लुटतंय.’ दोन्ही अर्धवट आहेत. मी निवृत्त कामगारांचे हे कागद बघतो, त्यांचे हिशेब मांडून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबेल, पण इलाज नाही.

महामंडळं, सरकारी कंपन्या इथल्या बहुतेक कामगारांना सरकारी पेन्शन नसते. संप केला की ती ‘अत्यावश्यक सेवा’, मेस्माची नोटीस घरापर्यंत येते. पेन्शनचा विषय निघाला की मात्र ‘तुम्ही सरकारी कर्मचारी नाही’. त्यांच्या वाट्याला येते ईपीएस-९५, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या पीएफच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात, पण खऱ्या पगारावर नाही, सरकारने ठरवलेल्या पगाराच्या मर्यादेवर. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे महिन्याला ४१७, मग ५४१, मग १,२५० रुपये. पगार चाळीस हजार असला तरी तेवढेच. म्हणूनच वीस-बावीस वर्षं घासून माणूस बाहेर पडतो आणि हातात अडीच-तीन हजार पेन्शन येते. तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याला जी आली तीच शेवटपर्यंत.

आता खरी गोम. १९९६ सालीच योजनेत एक तरतूद आली होती की कामगार आणि मालक दोघांनी मिळून लिहून दिलं तर पूर्ण पगारावर ८.३३ टक्के भरता येतील. ही गोष्ट वर्कशॉपमध्ये, डेपोत, सबस्टेशनवर किती जणांना कुणी सांगितली? मला भेटलेल्यांपैकी जवळपास कुणालाच नाही. ज्यांना उशिरा कळलं त्यांना पीएफ कार्यालयाने सांगितलं, मुदत संपली. हिमाचल प्रदेशच्या पर्यटन महामंडळाचे कर्मचारी यावरून भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जिंकले. त्यांची पूर्ण पगारावरची वर्गणी पीएफमध्ये जमा होतच होती, त्यामुळे प्रश्न फक्त या खात्यातून त्या खात्यात वळवण्याचा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये मर्यादा १५,००० करताना सरकारने योजनेत दुरुस्ती करून पूर्ण पगाराचा हा पर्याय नव्याने देणं बंद केलं होतं. पुढे ती दुरुस्ती रद्द करणारा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल, त्यावर अपील, फेरविचार असं बरंच झालं. शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ ला, सरन्यायाधीश उदय लळीत निवृत्त व्हायच्या चार दिवस आधी, त्यांच्या खंडपीठाने २०१४ ची दुरुस्ती कायम ठेवली, पण पात्र कामगारांना पर्याय देण्यासाठी चार महिन्यांची खिडकी उघडली. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी पर्याय न देता निवृत्त झालेले मात्र बाहेरच राहिले. चार महिन्यांचे वाढत वाढत जुलै २०२३ उजाडलं आणि सतरा लाखांहून जास्त अर्ज आले.

इथून मागच्या वर्गणीचा प्रश्न सुरू होतो. पर्याय मंजूर झाला की १९९५ पासूनचा फरक भरायचा, व्याजासकट. ‘हे व्याज कसलं? चूक त्यांची, दंड आम्हाला?’ हा संताप मी रोज ऐकतो आणि तो निम्माच बरोबर आहे असं माझं मत आहे. जे ८.३३ टक्के पेन्शन फंडात गेले नाहीत, ते हवेत विरले नव्हते. मालकाने पूर्ण पगारावर बारा टक्के भरले असतील, तर ते तुमच्याच पीएफ खात्यात राहिले, त्यावर तुम्हाला व्याज मिळालं आणि निवृत्तीला तुम्ही ते घेऊन गेलात. ते व्याजासह परत द्या म्हणणं अन्याय नाही, हिशेब आहे. शेजारच्या काकांना मी मांडून दिलेल्या हिशेबाच्या तक्त्यात मार्च १९९८ ची ओळ होती. पगार ६,१००, त्यावर ८.३३ टक्के ५०८, भरलेले ४१७, फरक ९१ रुपये. तेव्हा पीएफचा व्याजदर बारा टक्के होता. २०२४ पर्यंत त्या ९१ चे चक्रवाढीने नऊपटीच्या आसपास होतात. काका बोट ठेवून विचारत होते, ‘नव्वद रुपयांचे आठशे कसे रे?’ मी म्हटलं, काका, तुमच्या पासबुकातही ते असेच वाढले होते, निवृत्तीच्या दिवसापर्यंत.

तो दिवस उलटला की काय? तिथे माझं आणि पीएफ कार्यालयाचं बिनसतं.

समजा माणूस २०१७ मध्ये निवृत्त झाला. त्या दिवशी त्याच्याकडून पेन्शन फंडाला येणं ४ लाख होतं. त्याला ते माहीत नव्हतं, त्याने पीएफ उचलला, घराचं कर्ज फेडलं, मुलीचं लग्न केलं. २०२४ मध्ये मागणीपत्र येतं तोवर पीएफच्या दराने ते ४ चे ७ लाख झालेले असतात. मधल्या सात वर्षांत ते पैसे त्याच्या पीएफ खात्यात नव्हतेच. आता दुसरी बाजू बघा. वाढीव पेन्शन मिळाली असती तर महिन्याला समजा ११,००० जास्त आले असते. ८४ महिन्यांची थकबाकी ९ लाख २४ हजार होते. ती मिळते, पण तिच्यावर व्याज शून्य. आणि ती घेताना टीडीएस कापला जातो. म्हणजे आपण द्यायचं ते व्याजासकट, आणि आपल्याला यायचं ते बोडकं.

त्याहून वाईट म्हणजे वळतं करून घेत नाहीत. ९ लाख द्यायचे आहेत ना, त्यातून ७ कापा आणि उरलेले द्या, इतकी साधी गोष्ट किराणा दुकानदारही करतो. इथे आधी ठरलेल्या मुदतीत ७ लाख भरा, मग थकबाकीचं बघू. ज्याची पेन्शन अडीच हजार आहे त्याने ७ लाख आणायचे कुठून? काकांनी मागणीपत्र यायच्या आधीच सोनं मोडायचा विचार केला, काकूंनी नाही म्हटलं. काकूंचंही बरोबर होतं, कारण नवरा गेल्यावर विधवेला साधारण निम्मी पेन्शन मिळते आणि भरलेली रक्कम परत मिळत नाही. सत्तरीच्या, आजारी माणसाला मी स्वतः ‘भरा’ असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि हे मागणीपत्र हातात पडणारे नशीबवान. बाकीच्यांचं घोडं त्याआधीच अडतं. महिन्यावार पगाराचा तपशील मालकाने द्यायचा असतो. काकांच्या महामंडळाच्या आस्थापना शाखेत सांगितलं गेलं की २००३ च्या आधीची पगारबिलं ‘उपलब्ध नाहीत’. संयुक्त पर्यायाची, म्हणजे कामगार-मालकांनी मिळून लिहून दिलेल्या त्या कागदाची जुनी प्रत कामगाराकडे मागतात, जी त्याने कधी पाहिलेलीच नाही. जिथे पीएफ सांभाळायला कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट आहे, अशा बऱ्याच कंपन्यांतले अर्ज तर एका वेगळ्याच कारणावरून फेटाळले गेले. ट्रस्टच्या नियमावलीत ‘मर्यादेपुरतीच वर्गणी’ असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तोच ट्रस्ट वर्षानुवर्षं पूर्ण पगारावर कापत होता. नियमावली लिहिली कुणी? कामगाराने नाही.

फंडावर भार पडेल हे म्हणणं मी उडवून लावत नाही. न्यायालयानेही तो विचार केला म्हणूनच २०१४ ची दुरुस्ती टिकली. किमान १,००० च्या पेन्शनवर जगणाऱ्यांचा पैसा वाढीव पेन्शनवाल्यांकडे जाऊ नये हेही मान्य. पण निवृत्तीनंतरचं व्याज महामंडळाने उचललं तर फंडाचं काहीच बुडत नाही. कामगाराला पर्यायाची माहिती द्यायची, त्याचा कागद पुढे पाठवायचा, पगारबिलं सांभाळायची ही कामं मालकाची. आणि मालक इथे कुणी गाळा बंद करून पळालेला कारखानदार नाही, सरकार आहे. सरकारी महामंडळाने ‘रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणावं आणि त्याची किंमत निवृत्त फिटरने चुकवावी, हे कुठल्या न्यायात बसतं?

ज्यांचे अर्ज अजून लटकलेत त्यांच्यासाठी एवढंच: फेटाळल्याचं पत्र आलं तर कारण नीट वाचा आणि उत्तर लेखीच द्या, पोच घ्या. पगारबिलं नाहीत म्हणाले तर माहिती अधिकारात ती नष्ट केल्याचा आदेश मागा. आदेश नसेल तर तेही लेखी येऊ द्या. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफच्या वार्षिक पावत्या, फॉर्म १६, जे असेल ते काढा. काकांच्या १९९९ ते २००२ च्या पावत्या काकूंनी शिवणाच्या मशीनच्या खणात जपून ठेवल्या होत्या, त्या आम्ही जोडल्यात. अर्ज पुन्हा गेलाय, उत्तर यायचंय.