'हप्ता तुम्ही भरणार का?' : पोल्ट्रीवाल्या दादांना उत्तर

पाळीव जनावरांच्या कल्याणाविषयीच्या कायद्यावर संशोधन करायला मला वर्षभराची फेलोशिप मिळाली, त्यावर मागे लिहिलं होतं. त्यावर 'एक पोल्ट्रीवाला' या नावाने आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी : "ताई, ब्रॉयलर (मांसासाठीची कोंबडी) पिंजऱ्यात नसतो एवढंही तुम्हाला माहीत नाही. मी करारावर पाच हजार पक्षी करतो. उद्या जागा वाढवा म्हणून कायदा आला तर शेडमध्ये निम्मीच पिल्लं बसतील. एसीत बसून मानधन घेणं सोपं आहे, शेडचा हप्ता तुम्ही भरणार का?"

दादा, पहिली चूक कबूल. पिंजरा अंड्यांच्या कोंबडीला, लेअरला. ब्रॉयलर खाली तुसावर वाढतो. मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबले होते, ते दुरुस्त केलंय. एसीचं म्हणाल तर पंखा आहे, तोही आवाज करतो.

हप्त्याचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, कारण माझं वर्ष त्याच प्रश्नावर चाललंय.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव, म्हणजे कोंबडीही आली. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा कलम 11 खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळेचा दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत चौकातल्या गाडीवर भुर्जीपाव येत नाही. लेअर कोंबडीच्या वाट्याला पिंजऱ्यात साधारण झेरॉक्सच्या कागदाहूनही कमी जागा येते, तरी हे कलम कुणाला झोंबत नाही ते याचमुळे. विधी आयोगाने 2017 च्या जुलैत लेअर आणि ब्रॉयलर दोन्हींवर 269 क्रमांकाचा अहवाल दिला, नियमांचे मसुदेही जोडले.

आता तुमचा मुद्दा. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जाग तुमची. बॅच निघाली की किलोमागे वाढवणावळ, म्हणजे पक्षी वाढवल्याची मजुरी. किती पिल्लं टाकायची आणि माल कधी उचलायचा हे तुम्ही ठरवता का? माझ्या एका नातलगाचा करारनामा मी वाचला, म्हणजे त्यांच्याऐवजी वाचला, कारण तो इंग्रजीत होता आणि खाली सही मराठीत.

कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या कलम 2(एफ) मध्ये आहे. खरा मालक तर त्यात येतोच, पण ज्याच्या ताब्यात त्या वेळी जनावर आहे तोही येतो. म्हणजे उद्या तपासणीला कुणी आलं तर सापडायला सगळ्यात सोपे तुम्ही. पण पुढे कलम 11(2) असंही म्हणतं की, गुन्हा होऊ नये म्हणून वाजवी काळजी आणि देखरेख न ठेवणारा मालकही दोषी. पिल्लं ज्यांची, देखरेखीला सुपरवायझर पाठवतात जे, ते या कलमात बसवता येतात की नाही? मला वाटतं, येतात. ते कागदावर नीट मांडणं हे माझं काम. ते झालं नाही तर जागेचा नियम येईल आणि पावती तुमच्या नावाने फाटेल.

युरोपीय संघाने लेअरच्या साध्या पिंजऱ्यांवर बंदीचा निर्णय 1999 साली घेतला आणि ती लागू केली 1 जानेवारी 2012 पासून. बारा वर्षं दिली, तरी त्या दिवशी 13 देशांची तयारी नव्हती, आणि त्या वर्षी तिथे अंडी महागली. तुमची भीती खोटी नाही, म्हणूनच मुदत किती आणि खर्च कुणाचा, हे नियमातच लिहून घ्यावं लागेल.

थोडं विषयांतर. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाला आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींना मनाई केली, तेव्हा निकालात जनावरांच्या 'पाच स्वातंत्र्यां'चा (भूक-तहान, गैरसोय, वेदना, भीती यांपासून सुटका आणि स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक) दाखला दिला. त्यांचं मूळ ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीच्या 1965 च्या अहवालात. ती समिती नेमली होती कोंबड्या, डुकरं, वासरं दाटीवाटीने पाळण्याच्या पद्धती तपासायला. म्हणजे कोंबडीच्या शेडमधून निघालेला विचार आपल्याकडे बैलाच्या पाठीवर बसून आला. बैलावर पुन्हा 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं आणि शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदा-दुरुस्ती वैध ठरली. कोंबडीसाठी कुणी मोर्चा काढत नाही, विरोधातसुद्धा नाही. तुम्ही निदान चिडून लिहिलंत.

एक विनंती. तुमच्या करारनाम्यात पक्ष्यांचा मालक कोण म्हटलंय आणि मर जास्त झाली तर तोटा कुणाच्या माथी, ही दोन कलमं फोटो काढून पाठवाल का? नाव आणि कंपनी खोडून. इंग्रजीत असेल तर मराठी करून परत पाठवते.