मिनिमाइजचं बटण मी परत का आणलं नाही

आमच्या अभ्यासिकेत दाराजवळच्या टेबलावर एक तक्रारवही असते. पंखा आवाज करतो, पाण्याची कॅन वेळेवर येत नाही, कुणीतरी सकाळी सहालाच पुस्तकं ठेवून जागा अडवून जातं, असलं काही त्यात लिहिलेलं असतं. दिवाळीनंतरच्या तीन आठवड्यांत मात्र वहीची सहा पानं एकाच विषयानं भरली: संगणकाच्या पडद्याची मांडणी का बदलली. “ताई, खालची पट्टी कुठं गेली?” “मिनिमाइज नाही.” “डेस्कटॉपवरची माझी फाईल गायब.” “चांगलं चालू होतं ना, काऊन बदलवलं?”

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या या अभ्यासिकेतले १२ संगणक मी सांभाळते. बदल मी केला, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं. वहीत मावणार नाही म्हणून इथं लिहितेय.

गेली दहा वर्षं आपल्याकडे लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी प्रणाली) मेट नावाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी, होती. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मेट म्हणजे ग्नोम २ याच डेस्कटॉपचं पुढं चालवलेलं रूप, आणि ग्नोम २ आलं होतं २००२ मध्ये. वहीत ज्याला “आधीचं” म्हटलंय ते आपल्या बऱ्याच पोरांच्या वयाएवढं जुनं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ ही लिनक्सची नवी आवृत्ती आली. सुट्टीत मी ती टाकली आणि तिच्यासोबत येणारा ग्नोम ४८ हा डेस्कटॉप होता तसाच ठेवला. आता खाली पट्टी नाही. डेस्कटॉपवर एकही चिन्ह नाही. विंडोच्या कोपऱ्यात फक्त बंद करायची फुली आहे, विंडो बंद न करता बाजूला सारायचं मिनिमाइजचं बटण नाही. पहिल्या दिवशी हे पाहून बावरायला होतं, हे मला मान्य आहे. माझंही झालं होतं.

पण हा बदल मी कुणासाठी केला ते सांगते.

रोज दुपारी एक काका येतात. पंचाहत्तरीचे असतील. आपल्या नोकरीतल्या आठवणी ते मराठीत टाइप करतात, इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर, एकेक अक्षर शोधत. त्यांचा उजवा हात थरथरतो. जुन्या मेनूत रायटर हा लिहायचा प्रोग्रॅम उघडायचा म्हणजे आधी मेनूवर क्लिक, मग खाली “ऑफिस”पर्यंत जायचं, मग तिथून सरळ आडवं सरकत दुसऱ्या यादीत शिरायचं. मधे हात जरा खालीवर झाला की ती यादी मिटून भलतीच उघडायची. मी काउंटरवरून बघायची. तीनदा, चारदा, कधी पाचदा. मग ते माउस सोडून हात मांडीवर ठेवायचे आणि इकडंतिकडं बघायचे, कुणी मोकळं आहे का म्हणून. मला हाक मारायला त्यांना संकोच वाटायचा. दहा वर्षं आपण ज्याला सोपं म्हणत होतो, ते त्यांच्यासाठी कधीच सोपं नव्हतं. वहीत त्यांनी एकदाही तक्रार लिहिली नाही, एवढंच.

आता त्यांना मी एकच गोष्ट शिकवली: माउस डावीकडे वर ढकलून द्या. नेम धरायचा नाही, नुसता ढकलायचा. पडद्याचा कोपरा बाणाला पुढं जाऊच देत नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. उघडलेलं सगळं समोर मांडलं जातं, खाली मोठ्या चिन्हांची रांग येते, त्यातलं रायटरचं चिन्ह माझ्या बोटाच्या पेराएवढं आहे. याच्यामागे नीट अभ्यास आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हाताला तिथं पोचायला वेळ जास्त. पडद्याच्या कोपऱ्याला कडेचा आधार असतो, म्हणून तो हाताला फार मोठा होतो. मागच्या गुरुवारी काका आले, बसले, माउस ढकलला, रायटर उघडलं आणि लिहायला लागले. मी काउंटरवरून उठलेसुद्धा नाही. मला त्या दिवशी काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

आता मिनिमाइज. सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे, आणि एक टूल वापरून ते बटण परत आणायला मला एक मिनिटही लागणार नाही. तरी मी आणलेलं नाही. खाली पट्टी असताना मिनिमाइज केलेली विंडो त्या पट्टीत जाऊन बसायची, डोळ्यांना दिसायची. पट्टीच नाही तर ती जाईल कुठं? समोरून नाहीशी होईल. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी जी मंडळी आपल्याकडे आली, त्यातल्या कुणी अर्धा भरलेला अर्ज चुकून मिनिमाइज केला असता तर अर्ज पुसला गेला असं समजून घाबरली असती.

शिवाय आपण मिनिमाइज कशाला करतो? समोर गर्दी झाली म्हणून. एमपीएससीवाल्या एका मुलाच्या मशीनवर मी एकदा खालच्या पट्टीत ११ विंडो मोजल्या होत्या. सगळ्यांची नावं दबून “प्रश्न…”, “प्रश्न…”, “प्रश्न…” अशी झालेली. हवी ती सापडेपर्यंत तो एकेक उघडून बघत होता. दर वेळी तेच. आता त्यानं एका वर्कस्पेसवर (म्हणजे त्याच मशीनवरच्या एका वेगळ्या पडद्यावर) प्रश्नपत्रिका आणि नोट्स शेजारीशेजारी ठेवल्यात, दुसऱ्यावर अर्ज भरायचं ब्राउझर, तिसऱ्यावर लेक्चर. कंट्रोल आणि ऑल्ट धरून उजवा-डावा बाण दाबला की एकावरून दुसऱ्यावर. शेवटी एक रिकामी वर्कस्पेस कायम तयार असते, ती भरली की पुढं आणखी एक येते. वर्कस्पेस मेटमध्येही होत्या बरं का, अगदी चार, खाली उजव्या कोपऱ्यात चार चिमुकले चौकोन. दहा वर्षांत एकालाही त्या वापरताना मी पाहिलं नाही. सोय होती पण ती आहे हे कुणाला कळत नव्हतं. म्हणून मी म्हणते की नव्या मांडणीनं काही हिसकावलेलं नाही, पडून राहिलेली गोष्ट पुढं आणून ठेवलीय.

माउस नको असेल त्यांनी विंडोजच्या खुणेचं बटण दाबायचं आणि हव्या प्रोग्रॅमच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करायची. तेच बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीवरून मराठी. टायपिंगवाल्या दोघी ताई दुसऱ्याच दिवशी हे शिकल्या आणि आता मलाच नवे शॉर्टकट सांगतात.

“ज्यांनी हे बनवलं त्यांना वापरणाऱ्यांची काही पडलेली नाही” असं एकानं लिहिलंय. हे मात्र मला लागलं. आताच्या मांडणीचं पहिलं रूप, ग्नोम ३, आलं ६ एप्रिल २०११ ला, आणि तेव्हा जगभर याच तक्रारी झाल्या होत्या. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं त्याच वर्षी उघडपणे टीका केली आणि दुसरा डेस्कटॉप धरला. नंतर तो ग्नोमवर परत आला. मेटचा जन्मही त्याच रागातून झाला. त्या पहिल्या रूपात खरोखरच चुका होत्या. मेनूत बंद करायचा पर्यायच दिसायचा नाही, ऑल्ट दाबून धरल्यावर दिसायचा, नाहीतर नुसतं मशीन झोपवता यायचं. मे महिन्यात, कूलर चालू, इन्व्हर्टरवर चाललेल्या खोलीत असं काही आलं असतं तर मीही ते ठेवलं नसतं. पण त्यांनी ते बदललं. २०१३ मध्ये जुन्या वळणाची क्लासिक मांडणी दिली. २०१५ मध्ये खाली लपणाऱ्या सूचना वर घड्याळापाशी आणल्या. २०२१ मध्ये उभ्या रचलेल्या वर्कस्पेस आडव्या केल्या. १४ वर्षं एकाच गोष्टीवर असं काम करणाऱ्यांना आपली पडलेली नाही, हे मला पटत नाही.

दोन तक्रारी मी पूर्ण मान्य करते. एक, पेन ड्राइव्ह लावला की आधी त्याचं चिन्ह समोर यायचं, आता फाइल्स हा प्रोग्रॅम उघडून डावीकडे शोधावं लागतं. घाईत प्रिंट काढायला आलेल्या माणसाला हा भुर्दंड आहे. त्यासाठी फाइल्सचं चिन्ह रांगेत पहिलं लावलंय, विंडोजच्या खुणेचं बटण आणि १ दाबलं की उघडतं, आणि तसा कागद प्रत्येक मशीनला चिकटवलाय. तरी आधीचं जास्त सोपं होतं. दुसरी, ग्नोमला मेमरी जास्त लागते. म्हणून ४ जीबीच्या दोन मशीनवर मी जुनं मेटच ठेवलंय, खिडकीजवळच्या. ज्याला तिथं बसायचं त्यानं खुशाल बसावं.

आणि ज्यांच्या फायली “गायब” झाल्यात त्यांनी कृपा करून घाबरू नका. एकही फाईल गेलेली नाही. पडदा रिकामा दिसतो, पण डेस्कटॉप नावाचा फोल्डर तसाच आहे, फाइल्समध्ये जाऊन उघडा. एका मशीनवर त्यात शंभराच्या वर फायली आहेत. “नवीन”, “नवीन १”, “फायनल”, “फायनल खरं”. आपापल्या ओळखून घेऊन जा, मी कुणाचंही काही पुसणार नाही.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता मी अभ्यासिकेत आहे. ज्यांनी वहीत लिहिलं त्या प्रत्येकाशेजारी बसून अर्धा तास द्यायची माझी तयारी आहे. तुमचं रोजचं काम घेऊन या आणि ते माझ्यासमोर करा. कुठं अडतं ते मला बघायचंय. वहीचं सातवं पान कोरं आहे, पेन ड्राइव्हचा याच्याहून बरा उपाय कुणाला सुचला तर तिथं लिहून ठेवा.