पंप वाढवायच्या आधी

डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून जादा डिझेल सोडलं की ट्रॅक्टरची ताकद वाढते, असं एका लेखात वाचलं. ते खरं आहे, पण अर्धंच. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन हवा ठरावीकच ओढतं. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातं. आमच्याकडे ‘धूर मारतोय म्हणजे जोर आहे’ असं समजणारे कमी नाहीत! मीही त्यातलाच होतो. एका मिस्त्रीकडून पंप वाढवून घेतला. नांगराला दोन दिवस बरं वाटलं, मग चढावर पाणी तापायला लागलं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं तेव्हा डोळे उघडले.

नंतर नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, टेस्टिंगला दिले. दोन नोझल फवारा न मारता थेंब गाळत होते. ते बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, हवा तेलातून गाळणाऱ्या ऑइलबाथ एअर क्लिनरमधला चिखल काढला, पंप मूळ सेटिंगवर आणला. गेलेली ताकद तिथेच अडकली होती.

आणि हो, हलक्या कामाला वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवा, डिझेल वाचतं. रोटाव्हेटरला मात्र हे चालत नाही, तिथे पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) मिनिटाला ५४० फेरे लागतातच.