गॅरेट विल्सन ओव्हररेटेड आहे का?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यूयॉर्क जेट्सचा रिसीव्हर (बॉल झेलणारा खेळाडू) गॅरेट विल्सन, त्याला कोणी ओव्हररेटेड म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. तरीही फॅन्टसीत, म्हणजे खऱ्या खेळाडूंची काल्पनिक टीम बनवून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायच्या खेळात, ड्राफ्टला (पाळीपाळीने खेळाडू निवडताना) त्याला पहिल्या राउंडला घेऊ नका, असं मी विचारेल त्याला सांगतो. खेळाडू केवढा मोठा आणि फॅन्टसीत त्याची किंमत किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक ते एकत्र कालवतात.

माणूस काय ताकदीचा आहे ते आधी बघा. ३१ ऑक्टोबर २०२४, मेटलाइफ स्टेडियम, जेट्स विरुद्ध टेक्सन्स. जेट्सच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकने (बॉल टाकणाऱ्याने), रॉजर्सने, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा, जिथे बॉल झेलला की टचडाउन) कडेला बॉल उंच टाकला. विल्सनने हवेत झेप घेऊन, अंग मागे ताणून, एका हाताने तो ओढून घेतला. पंचांनी आधी कॅच नाकारला. रिप्लेत दिसलं की बाहेर पडण्याआधी त्याची नडगी रेषेच्या आत टेकली होती. टचडाउन! असा कॅच घेणारे लीगमध्ये किती असतील?

पण फॅन्टसीत अशा कॅचलाही सोप्या कॅचइतकेच गुण. पीपीआर लीगमध्ये (जिथे प्रत्येक कॅचलाही गुण असतो) कॅचचा १, दर १० यार्डांना १, टचडाउनचे ६. सौंदर्याचे शून्य.

आता २०२३चा हंगाम घ्या. विल्सनला १६८ टार्गेट (त्याच्याकडे टाकलेले बॉल) मिळाले, डॅलसच्या सीडी लॅमला १८१. फरक फक्त १३चा. विल्सनचे कॅच ९५, यार्ड १,०४२, टचडाउन ३. लॅमचे कॅच १३५, यार्ड १,७४९, टचडाउन १२. नुसत्या रिसीव्हिंगचे गुण काढले तर विल्सन २१७ आणि लॅम जवळपास ३८२! टार्गेटचा आकडा बघून जे हुरळतात त्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून बघावं. बॉल छातीवर आला की डोक्यावरून दोन हात वर गेला, हे तो आकडा सांगत नाही. लॅमकडे क्वार्टरबॅक म्हणून प्रेस्कॉट होता. विल्सनकडे रॉजर्स येणार म्हणून सगळे खूश होते, आणि रॉजर्स पहिल्याच सामन्यात चौथ्या प्लेला टाचेमागचा अकिलीज टेंडन फाटून हंगामाबाहेर गेला. पुढचे महिने कोणी कसे बॉल टाकले ते जेट्सवाल्यांना विचारा.

'टचडाउन काय, नशिबाचा भाग, पुढच्या वर्षी वाढतील,' असं मला नेहमी ऐकवतात. हे मला पटत नाही. टचडाउनसाठी आधी टीम गोल लाइनपाशी पोचावी लागते. पहिल्या तीन हंगामांत विल्सन ५१च्या ५१ सामने खेळला आणि त्याचे टचडाउन १४. त्या तीन वर्षांत जेट्सचे विजय-पराभव ७-१०, ७-१० आणि ५-१२. नशिबाला इतका दोष कशाला द्यायचा?

२०२४मध्ये रॉजर्स परतला, विल्सनचे १०१ कॅच आणि ७ टचडाउन झाले, एकूण गुणांच्या यादीत तो बराच वर दिसला. त्यातला मोठा वाटा १७ही सामने खेळण्याचा होता. दर सामन्याला हिशेब केला तर १५सुद्धा भरत नाहीत. आणि त्या ऑगस्टमध्ये लोक त्याला पहिल्या राउंडच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला उचलत होते! त्या जागेवरच्या रिसीव्हरकडून एकहाती सामना काढून देण्याची अपेक्षा असते.

डायनेस्टी लीगवाल्यांचं (जिथे खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतात) वेगळं. त्यांनी त्याला धरून ठेवावं, क्वार्टरबॅक बदलत राहतात. दर वर्षी नव्याने ड्राफ्ट करणाऱ्यांनी मात्र आधी त्याला बॉल कोण टाकणार ते बघावं. तिसऱ्या राउंडला तो शिल्लक असेल तर मी डोळे मिटून घेईन.