पाणी कोमट करायला ठेव

आई गेली त्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. भाऊ फोनवर, वहिनी लहानग्यांना घेऊन आतल्या खोलीत, पाळकसाहेब निघालेत असा निरोप आलेला. मी आईच्या पायाशी नुसती बसून होते. तेवढ्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक मावशी आल्या. सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, ऊठ. पाणी कोमट करायला ठेव."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मावशी, आता कोमट कशाला?"

"आजवर कधी गार पाण्यानं अंघोळ केली का तिनं? मग आजच का?"

त्यांनी दार लावून घेतलं. पुढचा पाऊण तास मी हातात भांडं धरून उभी होते आणि त्या आईला अंघोळ घालत होत्या. अंगावरची चादर त्यांनी एकदाही पूर्ण काढली नाही. एक हात बाहेर घ्यायचा, पुसायचा, कोरडा करायचा, परत चादरीखाली ठेवायचा, मग दुसरा. कानामागे, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत. आणि सगळा वेळ आईशी बोलत होत्या. "आता डावा हात घेते हां." "मान जरा वळवते." केस विंचरताना भांग नेमका कुठल्या बाजूला पाडायचा हे त्यांनी मला विचारलं. मला आठवेना. त्यांनाच आठवलं. इतकी वर्षं उपासनेत आईच्या मागच्या बाकावर बसत होत्या ना.

आमच्या मंडळीत कुठलीही बाई वारली की मावशींना बोलावणं जातं. किती जणींना अंघोळ घातली असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, त्यांनी कधी मोजलंच नाही. मंडळीच्या वार्षिक अहवालात सगळ्या सेवांची नोंद असते. संडे स्कूल, तरुण संघ, गायकवृंद, महिला मंडळ, प्रत्येकाचं पान असतं, फोटो असतो. ह्या कामाचं पान नाही.

हे आज लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात आमच्याकडे स्त्रियांसाठी खास उपासना झाली. प्रत्येकीला फूल दिलं, भाषणं झाली. त्यागमूर्ती, सोशिक, घराचा आधार हे सगळे शब्द येऊन गेले. मावशी शेवटच्या बाकावर हातातलं फूल सांभाळत बसल्या होत्या. मला घरी आल्यावरही चैन पडेना. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, प्रेमानंच बोलत होते सगळे. पण बाईनं सहन केलं की आपण तिचं कौतुक करतो, आणि तिनं केलेल्या कामाला मात्र 'मदत' म्हणून मोकळे होतो. 'पाचारण' हा शब्द आपण व्यासपीठावर उभं राहणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. अमक्याला सेवेचं पाचारण झालं, असं म्हणतो. मावशींना झालं, असं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मला ते म्हणायचंय. त्यांना देवानं ह्याच कामासाठी बोलावलंय आणि त्या रोज ओ देतात.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघा.

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात यापो गावची तबीथा आहे. दुर्कस म्हणजे तीच. हे पुस्तक लिहिणारा लूक तिची ओळख करून देताना 'शिष्या' असा शब्द वापरतो. मूळ ग्रीकमध्ये शिष्य ह्या शब्दाचं हे स्त्रीलिंगी रूप अख्ख्या नव्या करारात फक्त एकदा येतं, आणि ते ह्या बाईसाठी येतं. तिनं काय केलं होतं? उपदेश केल्याची नोंद नाही, प्रवास केल्याची नाही. ती गरिबांना देत होती आणि कपडे शिवत होती. ती वारली तेव्हा लोकांनी तिला अंघोळ घालून माडीवरच्या खोलीत ठेवलं आणि जवळच्या लोद गावाहून येशूचा शिष्य पेत्र ह्याला बोलावून आणलं. पेत्र पोचला तर विधवा रडत उभ्या, आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवतायत. मला हे दृश्य दरवेळी थांबवतं. तिच्याबद्दल कुणी भाषण केलं नाही. हा बघा, हा तिनं शिवलेला, एवढंच. शिवण हाच तिच्या विश्वासाचा पुरावा होता आणि तो त्या बायकांच्या अंगाखांद्यावर होता. पेत्रानं सगळ्यांना बाहेर काढलं, गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि तिला हाक मारली. ती उठून बसली. मग त्यानं विश्वासणाऱ्यांना आणि त्या विधवांना पुन्हा आत बोलावलं. लूकनं विधवांचा उल्लेख तिथे मुद्दाम वेगळा केलाय.

आणि त्याच गोष्टीत तिला अंघोळ घालणारे हात आहेत. कुणाचे, ते लिहिलेलं नाही. आईच्या त्या रात्रीनंतर हा अध्याय वाचताना माझं लक्ष आधी त्या हातांकडे जातं.

आता याच्याही पुढे जाते. आपल्या विश्वासाचा पाया ज्या सकाळवर उभा आहे ती सकाळ आठवा. मार्क आपल्या शुभवर्तमानात म्हणतो की मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरेकडे निघाल्या होत्या. कशासाठी? मेलेल्या देहाची शेवटची निगा राखायला. शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, तोंडावर आला आणि त्यांच्या हातून ते व्हायचं राहून गेलं होतं. चमत्कार बघायला कुणी निघालं नव्हतं, दारावरचा धोंडा कोण सरकवेल ह्याच काळजीत त्या चालल्या होत्या. प्रभू उठला ही बातमी जगात सगळ्यांत आधी ज्यांना मिळाली त्या बायका त्या सकाळी मावशींचंच काम करायला निघाल्या होत्या. शिष्य तेव्हा भीतीनं लपून होते, ते आपल्याला माहीत आहे. आणि बायकांनी येऊन सांगितल्यावर त्यांना ती वायफळ बडबड वाटली, हेही लूकनं लपवलेलं नाही.

म्हणून 'साधं काम' म्हणताना जरा जपून. देव माणसाला कुठे गाठतो त्याचा नेम नाही, आणि ह्या बायकांना त्यानं काम हातात असतानाच गाठलं.

नावं लिहून ठेवण्याबद्दल बोलायचं तर प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय. वाचनात आपण तो बहुतेक वेळा गाळतो, कारण नुसती सलामांची यादी वाटते. सुरुवातच फिबीनं होते. किंख्रियाच्या मंडळीची ती सेविका, आणि पौलासकट पुष्कळांना आधार देणारी. हे पत्र रोमला तिनंच पोचवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे प्रिस्किल्ला येते, नवऱ्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा करणारी आणि आपल्या घरात मंडळी भरवणारी. यादीत दहा बायका आहेत. ज्यांनी 'श्रम केले' असं पौल लिहितो त्या चार व्यक्ती म्हणजे मरीया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सीस. चारही बायका. त्या यादीत हे क्रियापद एकाही पुरुषासाठी आलेलं नाही. त्यांनी नेमके काय श्रम केले ते आपल्याला कधीच कळणार नाही, पण पौलाला ते ठाऊक होतं आणि सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात त्यानं ते नावानिशी लिहिलं. रूफाच्या आईचं नाव त्यानं दिलं नाही, पण ती माझीही आई आहे असं लिहिलं. ह्या माणसाला तिनं कधीतरी आईसारखं सांभाळलं असणार. तेही त्याला लिहून ठेवावंसं वाटलं.

जुन्या करारातल्या निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या दोन सुइणी बघा, शिप्रा आणि पुवा. मुलगे मारून टाका हा राजाचा हुकूम त्यांनी पाळला नाही. त्यांची नावं आजतागायत आहेत. तो फारो, म्हणजे मिसरचा राजा, कोण, त्याचं नाव त्या पुस्तकात कुठेच नाही.

आपल्याकडचंही एक सांगते. पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. पण ते छापलं गेलं केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, आणि खिळे जुळवण्यापासूनचं काम तिथल्या मुली-बायकांनी केलं. घरादारानं टाकलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी जणी रमाबाईंनी तिथे आणल्या होत्या. पानापानावर त्या हातांचं काम आहे, आणि त्यातल्या एकीचंही नाव मला सांगता येणार नाही.

नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्या उपासनेतही तोच वाचला गेला आणि नेहमीसारखाच वाचला गेला. 'सद्गुणी स्त्री'. ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे खाली मान घातलेली, गुपचूप राबणारी बाई येते. मूळ हिब्रू शब्द आहे 'एशेत हायिल'. हायिल म्हणजे बळ, पराक्रम. शूर योद्ध्यांसाठी जुन्या करारात हाच शब्द येतो. रूथच्या पुस्तकात बवाज हा 'हायिल'चा माणूस आहे, आणि बवाज रूथला म्हणतो की तू 'हायिल'ची स्त्री आहेस असं सगळं गाव जाणतं. तोवर रूथनं काय केलं होतं? परक्या देशात, म्हाताऱ्या सासूसाठी, दुसऱ्याच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचला होता. त्याला तिथे पराक्रम म्हटलंय.

आणि त्या ३१ व्या अध्यायातली बाई! कविता २२ ओव्यांची आहे, हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांवर एकेक ओवी. ती शेत बघते, पारखते आणि विकत घेते. मळा लावते. आपला माल चांगला आहे हे तिला कळतं. दंडांत बळ आणते. गरिबापुढे हात पसरते तो द्यायला. तिच्या तोंडी ज्ञान आहे. ही बाई निर्णय घेते, व्यवहार बघते, बोलते. आणि शेवटची ओवी म्हणजे आज्ञा आहे: तिच्या हातांचं फळ तिला द्या, तिची कामं वेशीत तिची स्तुती करोत. वेस म्हणजे जिथे गावातली वडील मंडळी बसून निर्णय करायची ती जागा. म्हणजे तिच्या कामाचं नाव तिथे निघालं पाहिजे जिथे निर्णय होतात. आपण आज्ञेचा तो भाग सोडून देतो आणि फूल देतो.

दुसरी एक गोष्ट मला फार लागते, ती मंदिराच्या दानपेटीत विधवेनं टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांची. दानाचा उपदेश करायचा झाला की हमखास तीच काढली जाते. तिनं सर्वस्व दिलं, तुम्ही काय देता? पण मार्काच्या १२ व्या अध्यायात तिच्या अगदी आधीची वचनं वाचा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू तिथे कडक बोलतोय. आणि मग ही विधवा येते. दोन्ही गोष्टी एकाच दमात वाचल्या तर तिच्या भक्तीपुढे मान झुकते आणि तिच्यावर ही वेळ कुणी आणली हा प्रश्नही विचारावा लागतो. बाईच्या विश्वासाचे गोडवे गायचे आणि त्याच विश्वासाच्या जोरावर तिच्याकडून आणखी काढून घ्यायचं, ह्याची मला भीती वाटते. खंबीर म्हणून जिचं कौतुक होतं तिला तू थकलीस का असं कुणी विचारत नाही. आईलाही आम्ही विचारलं नाही, खंबीरच होती ती.

मावशींच्या बाबतीत हेच होत होतं. रात्री दोन वाजता फोन गेला तरी त्या येतात म्हणून त्यांना न्यायला कोण जाणार हा विचारही होत नसे. गुडघे इतके गेलेत की देहाशेजारी खाली बसल्यावर उठताना दोघींनी हात द्यावा लागतो. ह्या रविवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांशी आणि कमिटीशी बोलले. मावशींचं काम सेवा म्हणून नोंदवावं, मंडळीच्या प्रार्थनेत त्यासाठी त्यांचं नाव घेतलं जावं, रात्री-अपरात्री त्यांना आणण्या-पोचवण्याची जबाबदारी तरुण संघानं घ्यावी, आणि प्रेतविधीचं ठरवायला बसताना त्यांनाही बसवावं. ऐकून घेतलंय. मी पाठपुरावा करणार आहे.

मग मी मावशींकडे गेले आणि म्हटलं, मला शिकवा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भीती वाटत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, वाटते. त्यांनी सांगितलं की त्यांनाही पहिल्यांदा वाटली होती. तेव्हा त्यांच्या शेजारी एक म्हातारी होती, तिनं त्यांचा हात धरून ठेवला होता. त्या म्हातारीचं नाव मी विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.

आज संध्याकाळी आम्ही दोघी बसलो होतो. त्यांनी माझ्या हाताची घडी सोडवली, मनगट उलटं केलं आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. "पाणी आधी इथे घेऊन बघायचं," म्हणाल्या. "तळहातावर नाही कळत."