‘दुर्बिणीने गाठ चाळवते’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरबद्दल एक मराठी संदेश गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: घास अडकतो म्हणून दुर्बीण (एंडोस्कोपी) घालून घेऊ नका, तुकडा काढला की झोपलेली गाठ चाळवते आणि अंगभर पसरते. ॲसिडिटीची गोळी महिनाभर घ्या, बरे वाटले तर काही नाही. अगदीच शंका असेल तर रक्त तपासा. घरची फेणी पोटातले जंतू मारते. आणि ऑपरेशन तर नकोच, पोट काढलेला माणूस परत जेवत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान पहिल्या वाक्याने होते, म्हणून त्यालाच जास्त जागा.

दुर्बिणीची नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाड, करंगळीहून बारीक. तिच्या आतून एक चिमटा जातो. त्याच्या दोन इवल्या वाट्या मिटल्या की २-३ मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा तुकडा सुटतो. तो सुटतो आतल्या बाजूने, म्हणजे ज्या वाटेने अन्न जाते तिथूनच. त्याच जागेवरून रोज शिताचा प्रत्येक घास घासून जातो, गाठीतून रक्त झिरपते, पेशी आपोआप गळतात. मग चिमट्याने असे वेगळे काय केले? कॅन्सर पसरतो तो दुसऱ्या बाजूने, भिंतीत खोल उतरून लसीकावाहिन्या आणि शिरांमध्ये शिरून. हे काम तुकडा काढण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. ‘दुर्बीण झाली आणि दोन महिन्यांत माणूस गेला’ असे जे ऐकू येते, त्यात दुर्बीण उशिरा झालेली असते. दोष मात्र शेवटी झालेल्या गोष्टीला लागतो.

या भीतीत तथ्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. घशाच्या किंवा अन्ननलिकेच्या गाठीवरून ओढून पोटात अन्नाची नळी बसवली, तर क्वचित नळीच्या तोंडाशी कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अशा रोग्यांत नळी पोटाच्या बाहेरून थेट बसवतात किंवा लहान आतड्यात घालतात. भिंतीतून आरपार सुई घालून घेतलेल्या नमुन्यातही असे क्वचित घडते. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रोग्यांचा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात सुईने नमुना घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा कमी जगले नव्हते. चिमट्याने आतून घेतलेला तुकडा हा यापेक्षा कितीतरी साधा प्रकार.

खरी चूक उलट बाजूने होते, तुकडे कमी घेतले जातात. जठराच्या गाठीतून एकच तुकडा घेतला तर सुमारे ७० टक्के वेळा निदान होते. सात घेतले की ते ९८ टक्क्यांच्या वर जाते. म्हणून सहा ते आठ तुकडे, आणि तेही व्रणाच्या कडेवरून, चारी बाजूंनी. मध्यावर नुसता मेलेला थर मिळतो आणि अहवाल ‘कॅन्सर नाही’ असा येतो. एका प्रकारात तर वरचा थर चांगला दिसतो आणि रोग खाली पसरतो. हवा भरली तरी जठर फुगत नाही, हीच त्याची खूण. तिथे एकाच जागी तुकड्यावर तुकडा घेऊन खोल जावे लागते, नाहीतर सोनोग्राफीची दुर्बीण लागते. दुर्बिणीने ‘संशयास्पद’ म्हटले आणि तुकड्याने ‘नाही’ म्हटले, तर पुन्हा तपासणी मागून घ्यावी. मात्र अगदी सुरुवातीचा, दुर्बिणीनेच सोलून काढता येईल असा डाग असेल तर नेमका एकच तुकडा घेतात. जास्त घेतले तर जखमेचा वण राहून पुढचे सोलणे अवघड होते.

आता तपासणीचा दिवस. घन अन्न ६ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. जठराचे तोंड अडलेले असेल तर आदल्या दिवसापासून पातळच. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सोडू नये, आधी विचारावे. मधुमेहाच्या सकाळच्या गोळीचेही तेच. घशावर बधिर करणारा फवारा मारतात. बधिरपणा जाईपर्यंत चहासुद्धा नको, ठसका लागून फुफ्फुसात जातो. गुंगीचे इंजेक्शन घेतले असेल तर २४ तास स्कूटर चालवायची नाही. हे शेवटचे आपल्याकडे सर्रास मोडले जाते.

गोळीचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण गोळीने खरेच बरे वाटते. जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरवरचा व्रण आम्ल कमी केल्यावर वरवर भरून येऊ शकतो, आणि तेवढ्यात दुर्बीण झाली तर तीही चुकू शकते. अन्ननलिकेत गोष्ट आणखी वेगळी. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली की दोनेक सेंटिमीटर रुंद होणारी नळी. वाट १३ मिलिमीटरच्या खाली आली की घन घास अडकू लागतो. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलने जळजळ थांबेल, वाट रुंद होणार नाही. माणूस मात्र नकळत जेवण बदलत जातो: आधी पाव चहात बुडवून, मग मटण बंद, मग शीत मऊ करून, शेवटी नुसती पेज. ‘घांस सकयल देंवना’ (घास खाली उतरत नाही) असे तोंडाने म्हणेपर्यंत वाट बरीच बुजलेली असते. ब्रिटनमध्ये गिळायला त्रास असेल तर वय न बघता तातडीने दुर्बीण करायची, असा दंडक आहे. त्याशिवाय वजन आपोआप घटणे, वारंवार उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण न सापडणारा रक्तक्षय, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला अपचनाचा त्रास, यांपैकी काहीही असेल तर महिनाभर गोळी घेऊन पाहायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेवढे आधी आठवून पाहावे.

रक्ताचे सांगायचे तर सीईए आणि सीए १९-९ या कॅन्सरसाठी करतात त्या रक्तचाचण्यांचे आकडे उपचार कसा चालला आहे ते पाहायला ठीक, निदानाला नाही. सुरुवातीच्या रोगात ते बहुधा नॉर्मलच येतात, आणि काही लोकांच्या शरीरात सीए १९-९ मुळात तयारच होत नाही. दुर्बिणीऐवजी म्हणून जिचे नाव निघते ती केंब्रिजमध्ये विकसित झालेली, दोरीला बांधून गिळायची स्पंजची कॅप्सूल खरी आहे. पण ती मुख्यतः जुन्या जळजळीत अन्ननलिकेचे अस्तर बदलले का हे चाळून पाहण्यासाठी. तिच्यात काही आढळले तरी पुढे दुर्बीणच करावी लागते.

फेणीचा हिशेब साधा आहे. ६० मिलिलिटर फेणी, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. घरची असो की बाटलीतली, शरीरात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते, आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरची ती ठरलेली वाट आहे. तंबाखूची जोड असेल तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही. जठरातला ज्या जंतूचा कॅन्सरशी संबंध आहे, तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जंतू चिकट थराखाली राहतो आणि स्वतःभोवती अमोनिया करून चक्क आम्लात टिकतो, त्याला पेगाची काय पर्वा? त्यावर १४ दिवसांची एकत्रित औषधे लागतात. नंतर किमान ४ आठवड्यांनी जंतू गेला का ते तपासायचे, तेही ॲसिडिटीची गोळी २ आठवडे बंद ठेवून, नाहीतर निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो.

ऑपरेशनबद्दल संदेश निदान पन्नास वर्षे मागे आहे. अगदी वरच्या थरातला रोग दुर्बिणीनेच सोलून निघतो, पोट उघडावे लागत नाही. खोल गेलेल्या रोगात नुसती शस्त्रक्रियाही हल्ली पुरेशी मानत नाहीत. नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीत (२०१२) अन्ननलिकेच्या रोग्यांना आधी पाच आठवडे केमो आणि २३ हप्त्यांत रेडिएशन दिले, मग ऑपरेशन. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रोगी निदान जितके जगले तो काळ, २४ वरून ४९ महिन्यांवर गेले. जठरासाठी जर्मनीतल्या फ्लॉट पद्धतीत दोन-दोन आठवड्यांनी केमोचे ४ डोस आधी आणि ४ नंतर. तिथे जुन्या केमोचे ३५ महिने, नवीनचे ५० (२०१९). आणि यातले काहीही त्या कणीएवढ्या तुकड्याशिवाय सुरू होत नाही. कोणते औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या हर-२ सारख्या चाचण्या, तो तुकडा मेणात बसवून ठेवतात त्याच ब्लॉकवर होतात. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेज) मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जायचे ठरले तर कोकणकन्या गाडीत बसण्याआधी अहवालासोबत स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्यावेत. ते विसरल्याने पुन्हा दुर्बीण, पुन्हा आठवडा.

धोके आहेतच. अन्ननलिकेच्या ऑपरेशनात दहातल्या एकाच्या आसपास रोग्यांत जोड गळतो, म्हणून ही शस्त्रक्रिया वारंवार होते त्या ठिकाणीच करावी. जेवणाचे म्हणाल तर पूर्ण जठर काढलेला माणूस जेवतो, फक्त दिवसातून सहा-आठ वेळा, थोडे थोडे. पाणी आणि कढी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने. मणगणे (गोव्याची गोड खीर) किंवा उसाचा रस एकदम घेतला की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. गोड पदार्थ सरळ आतड्यात ओतल्यासारखे होते. आणि बी-१२ चे इंजेक्शन जन्मभर. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे न घेताही काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा ऑपरेशन होऊन इतका काळ लोटलेला असतो की दोन्हींचा संबंध कोणाला आठवत नाही.